मग ठेवली कशाला?

मे महिन्यात बाबा आमच्याकडे मिशिगनला आले आणि पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून मोकळे झाले. चौतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही. मग त्यांचं लक्ष शेजारच्या गॅरेजकडे गेलं. दार उघडं होतं. आत १९७० सालची प्लिमथ रोड रनर उभी होती. नुकताच रंग दिलेली, झगझगीत नारिंगी, पण पुढचं पोट रिकामं. इंजिन बाजूला लोखंडी घोडीवर चढवलेलं. शेजारी सत्तरी ओलांडलेला, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात गेलेला. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं, इंजिनावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "विचार त्याला, अ‍ॅव्हरेज किती देते?"

मी विचारलं. शेजारी क्षणभर माझ्याकडे नुसता बघत राहिला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "गॅलनला दहा मैल," तो म्हणाला, "पाय आवरला तर."

बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे लिटरला चार. अरे, आमची लाल गाडी पन्नास माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या घेऊन याहून जास्त द्यायची. मग ठेवली कशाला?"

हा प्रश्न मी शेजाऱ्याला सांगितला नाही. पण तो माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि हा लेख त्याचंच उत्तर आहे. गाडी ठेवली ती वेडेपणानं. त्या वेडेपणाची मला स्तुती करायची आहे, अगदी मनापासून, कारण माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या स्तुतीला पात्र आहेत.

मी स्वतः विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करतो. डेट्रॉईटच्या आसपास असं काम करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. पुण्या-नाशकाच्या कारखान्यांतून इथे आलेली. आमचं काम शहाणपणाचं आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. शहाणपणाला काय जमतं हे मला रोज दिसतं. काय जमत नाही, ते मी शेजारच्या गॅरेजात पाहिलं.

शेजाऱ्याची गाडी ज्या जातीची, ती मसल कार म्हणजे काय, तर मधल्या आकाराची साधी घरगुती गाडी, आणि तिच्यात कंपनीकडे असलेलं सगळ्यात मोठं इंजिन. बस, एवढंच. ब्रेक बहुतेक वेळा घरगुती गाडीचेच, टायर अरुंद, सुकाणू सैल. पुढे मात्र आठ सिलिंडर. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, जिवाच्या आकांतानं पळायचं हे तिचं जीवितकार्य. वळण आलं की देवाचं नाव घ्यायचं.

तिचा जन्मच मुळी नियमाला वळसा घालून झाला. १९६३ साली जनरल मोटर्सनं ठरवलं, की कंपनीनं शर्यतींपासून लांब राहायचं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही दंडक होता. दोन्ही निर्णय समंजस होते. पाँटियाक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन यांच्या भोवतीच्या मंडळींच्या मात्र ध्यानात आलं, की टेम्पेस्ट नावाच्या त्यांच्या गरीब गाडीत ३२६ घनइंचांचं इंजिन जिथे बसतं, तिथेच ३८९चं, म्हणजे ६.४ लिटरचं, इंजिनही बसतं. नवी गाडी म्हटली असती तर वरच्यांची मंजुरी लागली असती. म्हणून त्यांनी ती गाडी म्हणून आणलीच नाही. टेम्पेस्ट लेमान्स घेताना वरचे पैसे भरून मागवायची एक सोय म्हणून यादीत घातली, तीनशे डॉलरच्या आत. नाव ठेवलं जीटीओ. हे नाव मुळात फेरारीच्या शर्यतीच्या गाडीचं, ते सरळ उचललं. पाच हजार खपतील असा अंदाज होता. १९६४ च्या मॉडेलच्या ३२,४५० गेल्या.

मला या हकिगतीत काय आवडतं? इतक्या मोठ्या कंपनीत, इतक्या मंजुऱ्यांच्या जाळ्यात, दोन-चार माणसांना गाडीखाली उभं राहून वाटलं की हे बसतं, आणि त्यांनी ते बसवलं. लोकांना याची गरज आहे असं त्यांना कुठल्याही पाहणीनं सांगितलं नव्हतं. गरज नव्हतीच.

त्यानंतरची सहा-सात वर्षं डेट्रॉईट शहाण्यासारखं वागलं नाही, आणि मी त्या वर्षांचा ऋणी आहे. शेजाऱ्याच्या गाडीचंच बघा. प्लिमथनं १९६८ साली तरुणांसाठी स्वस्त आणि वेगवान गाडी काढली. किंमत तीन हजार डॉलरच्या आत ठेवायची म्हणून आतला गालिचा काढून रबर अंथरलं, पुढे सलग बाक दिला. पै-पैचा विचार झाला. आणि मग त्याच माणसांनी वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले, कशासाठी तर व्यंगपटातल्या एका धावऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला. तो पक्षी 'बीप बीप' करतो, म्हणून तसा हॉर्न तयार करायला आणखी दहा हजार. गालिचा काढला आणि पिपाणी बसवली! पहिल्याच वर्षी चाळीस हजारांहून जास्त रोड रनर विकल्या गेल्या. शेजाऱ्याच्या फळीवर तो हॉर्न सुटा ठेवलेला आहे, फिकट जांभळ्या रंगाचा, त्यावर 'रोड रनरचा आवाज' अशा अर्थाची चिकटपट्टी. बाबांनी तो उचलून कानाशी धरला, शेजाऱ्यानं बॅटरीच्या दोन तारा लावल्या. बाबा दचकले आणि मग खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. साठ हजार डॉलर तिथल्या तिथे वसूल झाले, असं मला वाटलं.

रंगांची नावंही अशीच. शेजाऱ्याच्या नारिंगीचं कंपनीच्या यादीतलं नाव 'व्हिटॅमिन सी'.

१९७० साली त्याच रोड रनरला प्लिमथनं एक लांब टोकदार चोच लावली आणि मागे डिकीवर जवळजवळ दोन फूट उंच पंख उभारला. नाव सुपरबर्ड. नॅसकारच्या शर्यतीत उतरायचं तर तशीच गाडी ठरावीक संख्येनं बाजारातही विकली पाहिजे असा नियम होता, म्हणून सुमारे दोन हजार बांधल्या. आदल्या वर्षी फोर्डकडे गेलेला शर्यतपटू रिचर्ड पेटी या गाडीसाठी प्लिमथकडे परत आला. पण दूध-भाजी आणायला, पोरांना शाळेत सोडायला पंख असलेली गाडी कोण घेणार? विक्रेत्यांच्या अंगणात त्या पडून राहिल्या. काहींनी चोच उतरवली, पंख काढला आणि साधी रोड रनर म्हणून खपवली. हा शहाणपणा होता. आज शाबूत राहिलेल्या एकेका सुपरबर्डला लाखो डॉलर पडतात, आणि ज्या विक्रेत्यांनी पंख काढले त्यांचं मला फार वाईट वाटतं.

इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातला शेव्हरले-विक्रेता फ्रेड गिब याला मात्र मी या वेडाच्या मंदिरात मानाची जागा देईन. १९६९ साली त्यानं पन्नास कॅमेरो मागवल्या. अ‍ॅल्युमिनियमचं, ४२७ घनइंचांचं, शर्यतीसाठीच घडवलेलं झेडएल-१ इंजिन घातलेल्या. बिल आलं तेव्हा कळलं, की नुसत्या इंजिनाचेच चार हजार डॉलरहून जास्त होतात आणि गाडी सात हजारांपुढे जाते. साधी कॅमेरो तेव्हा तीन हजारांच्या आत मिळायची. शेतकऱ्यांच्या गावात त्या गाड्या कोण घेणार? बऱ्याचशा परत पाठवाव्या लागल्या, इतर विक्रेत्यांकडे वाटाव्या लागल्या. त्या वर्षी अशा एकूण ६९ कॅमेरो बनल्या. गिबनं आधी किंमत विचारली असती, तर बहुधा एवढ्याही बनल्या नसत्या.

या गाड्या मेल्या त्या शहाणपणानं, आणि ते शहाणपण खरं होतं. इथे मी कुणाची बाजू झाकणार नाही. विमा कंपन्यांनी विशीतल्या पोरांच्या गाड्यांवर जबर हप्ते लावले, कारण ती पोरं खरोखरच मरत होती. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, कारण शहरांवर खरोखरच धूर साचत होता आणि पेट्रोलमधलं शिसं मुलांच्या रक्तात जात होतं. १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे साध्या, कमी शिशाच्या पेट्रोलवर गाडी चालावी. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि पंपांवर रांगा लागल्या. क्रायस्लरचं ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन, ज्याला लोक कौतुकानं हत्ती म्हणत, १९७१ नंतर रस्त्यावरच्या गाडीत आलं नाही. १९७४ नंतर जीटीओ संपली. एकही निर्णय चुकीचा नव्हता. ज्या कायद्यानं या गाड्या संपवल्या, त्याच कायद्यामुळे माझी मुलगी अंगणात स्वच्छ श्वास घेते, आणि त्या कायद्याला मी दोन्ही हात जोडतो.

पण मग राहिलेल्या गाड्यांचं काय करायचं, याचं शहाणं उत्तर होतं: भंगारात घाला. पाच-सात वर्षं जुनी, लिटरला चार देणारी, मिशिगनच्या रस्त्यावरच्या मिठानं कुजलेली गाडी ठेवून काय मिळणार? लाखो लोकांनी तेच केलं. काही थोड्यांनी केलं नाही. त्या थोड्यांनी काही शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत त्या घेतल्या, धान्याच्या कोठारात लोटल्या, वर ताडपत्री टाकली आणि बायकोला सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात काम काढतो. तो पुढचा उन्हाळा कधी तीस वर्षांनी आला, कधी आलाच नाही. त्यांना भाव वाढेल असं वाटलं असेल का? मला तसं वाटत नाही. ज्याला भाव कळतो तो त्या काळी हे करत नव्हता.

यातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅकक्वीननं सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरून उडवलेली गडद हिरवी मस्टँग न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं १९७४ साली सहा हजार डॉलरला विकत घेतली. घरची बाई शाळेत शिकवायची. ती त्या गाडीनं शाळेत जायची. १९७७ साली खुद्द मॅकक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली. कुटुंबानं दिली नाही. पुढे क्लच गेला, गाडी उभी राहिली, आणि चाळीसेक वर्षं त्या कुटुंबाजवळ राहिली. वडील गेले, मुलानं ती दुरुस्त केली, आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती सदतीस लाख डॉलरच्या वर गेली. लोक या गोष्टीत आकडा ऐकतात. मला त्यातली शाळेतली बाई दिसते. जगातली सगळ्यात प्रसिद्ध मस्टँग, आणि मागच्या सीटवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा.

म्हणूनच एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. ज्यांनी या गाड्या गुंतवणूक म्हणून घेतल्या आहेत, वातानुकूलित गोदामात झाकून ठेवल्या आहेत, ट्रेलरवरून प्रदर्शनाला नेतात आणि ट्रेलरवरून परत आणतात, इंजिनाला रस्त्याचं तोंड दाखवत नाहीत, त्यांची ही स्तुती नाही. ते शहाणे लोक आहेत. १९७१ च्या हेमीवाल्या, उघड्या टपाच्या प्लिमथ कुडा एकूण अकराच बनल्या आणि त्यातली एक २०१४ साली पस्तीस लाख डॉलरला गेली, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं. माझी मंडळी वेगळी. त्यांच्या हाताला लोखंडाचा वास येतो.

या मंडळींचं खरं वेड पाहायचं तर गाडी पुन्हा उभी करताना पाहावं. 'नंबर मॅचिंग' हा त्यांचा मंत्र. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला आकडा गाडीच्या आकड्याशी जुळला पाहिजे, म्हणजे कारखान्यातून ज्या पोटात जे इंजिन बसलं तेच आजही आहे. एवढ्यावर थांबत नाही. काचेच्या कोपऱ्यातली तारीख, अल्टरनेटरवरची तारीख, स्पार्क प्लगच्या वायरवरची तारीख, सगळ्या गाडी बनायच्या थोड्या आधीच्या हव्यात. शेजाऱ्यानं मागच्या बाकाच्या स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा पडलेला कागद मोठ्या हौसेनं दाखवला. कारखान्यात गाडीसोबत फिरणारा तो तक्ता. त्यावर या गाडीत काय काय घालायचं ते सांकेतिक आकड्यांत छापलेलं. कामगारानं काम झाल्यावर तो चुरगळून स्प्रिंगांत कोंबला होता. त्यानं कचरा टाकला होता. शेजाऱ्यानं तो काचेत मढवलाय.

आणि आता जे सांगतो ते मी आधी ऐकलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. ही मंडळी कारखान्याच्या चुकासुद्धा पुन्हा करतात. १९७० साली रंगाचा फवारा घाईघाईत मारला जायचा. कडांना धूळ बसल्यासारखा रंग उडायचा, आतल्या कोपऱ्यांत तो पोचायचाच नाही, खाली ओघळ यायचे. दरवाजाची फट एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद. पत्र्याच्या सांध्यात भरायचं काळं रबरी लुकण बोटानं फासलेलं, वेडंवाकडं. आजच्या हातांना, आजच्या साधनांनी, या गाड्या आरशासारख्या करता येतात, आणि हौशी लोक तशाही करतात. पण जाणकार मुद्दाम तो ओघळ परत आणतात. शिकागोजवळच्या रोझमाँटला नोव्हेंबरात मसल गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटतात आणि रंग जास्त चांगला लागला म्हणून गुण कापतात.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या डेपोत रंगारी अण्णा जसा मारायचा, तसा?"

अगदी तसा. आणि म्हणूनच मी याला वेड म्हणतो, तेही आदरानं. स्वतःच्या कौशल्याला मुरड घालून पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाच्या घाईची नक्कल करायची. त्याची शिफ्ट संपत आली होती, पट्टा थांबत नव्हता, त्याचा हात भरून आला होता, म्हणून तो ओघळ आला. आरशासारखा रंग लावला की तो माणूस पुसला जातो. ओघळ ठेवला की राहतो. शेजाऱ्याची गाडी डेट्रॉईटच्या लिंच रोड कारखान्यात बनली. तो १९८१ साली बंद झाला. पलीकडे हॅमट्रॅमकला डॉज मेन हा कारखाना होता, एका काळी तिथे हजारो माणसं शिफ्टला यायची. १९८० साली बंद झाला आणि नंतर पाडला. प्लिमथ हे नाव २००१ मध्ये संपलं, ओल्ड्समोबील २००४ मध्ये, पाँटियाक २०१० पर्यंत. कंपन्यांनी आपली नावं पुसली. त्या नावांच्या पाट्या अजून रोज ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत ठेवणारे लोक कंपनीचे कुणी लागत नाहीत.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मी बाबांना वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर घेऊन गेलो. डेट्रॉईटपासून पाँटियाक गावापर्यंत जाणारा हा सरळसोट, रुंद रस्ता. साठच्या दशकात रात्री इथे सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, आणि कंपन्यांची माणसंही नव्या गाड्या घेऊन त्यात उतरायची. पाँटियाकच्या जाहिराती सांभाळणारे जिम वँगर्स जीटीओ घेऊन इथे यायचे, म्हणजे लोकांनी हरून परत जाताना कुणी हरवलं ते लक्षात ठेवावं. १९९५ साली फर्नडेल गावच्या लोकांनी मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला म्हणून जुन्या गाड्यांची एक फेरी काढली. ती दर वर्षी निघते. आयोजक चाळीस हजार गाड्या आणि दहा लाख माणसं सांगतात. मोजायला मी गेलो नाही, पण रॉयल ओकला आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून सकाळी आठला बसलो ते दुपारी तीनपर्यंत रस्ता रिकामा झाला नाही.

गंमत अशी, की तिथे कुणी कुठे जात नाही. चाळीस हजार गाड्या, कित्येकांची इंजिनं चारशे घोड्यांची, आणि सगळ्या ताशी दहा-पंधरा मैलांनी रांगतायत. वारीसारखं, असं बाबा म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "पण यांना पोचायचं नाही." माणसं एकमेकांना ओळखत नसतात, सिग्नलला काच खाली होते, एक जण विचारतो, "आत काय?", दुसरा आकडा सांगतो, तीनशे त्र्याऐंशी, चारशे चाळीस, चारशे चोपन्न, आणि त्या आकड्यावर संपूर्ण ओळख होते. जात, गाव, व्यवसाय, मत काही विचारावं लागत नाही.

आणि आवाज. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "हे एक मारतं, मग दोन एकदम मारतं," ते म्हणाले. कान अजून शाबूत आहेत. या जुन्या अमेरिकन व्ही-आठमध्ये क्रँकचे चार गुडघे नव्वद-नव्वद अंशांवर चौफेर वळवलेले असतात. त्यामुळे आठ ठोके एक डावा, एक उजवा असे पाळीपाळीनं पडत नाहीत. मध्येच एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात. प्रत्येक बाजूचा धूर आपापल्या नळीतून जातो, म्हणून तो लंगडा ताल कानाला ऐकू येतो. त्यात व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा कॅम असला, की उभी गाडी श्वास अडकल्यासारखी हुंदके देते आणि बॉनेट थरथरतं. फेरारीनं ठोके सारखे वाटले, तिचा सूर उंच आणि शुद्ध. हिचा सूर ढोलाचा. छातीच्या फासळ्यांत तो घुमतो तेव्हा माणूस नास्तिक असो की आस्तिक, एक पाऊल मागे सरकतो.

या आवाजाचं मोल कंपन्यांनाही कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. डॉजनं चार्जर ही गाडी विजेवर चालणारी काढली तेव्हा तिच्यासाठी खास यंत्रणा घडवली. विजेच्या मोटारीतून १२६ डेसिबलपर्यंत एग्झॉस्टसारखा आवाज काढायची. माझे काही सहकारी त्यावर हसले. मी हसलो नाही. ज्या क्षेत्रात मी काम करतो, तिथे गाडी शांत आहे हा आमचा अभिमान. आणि कुणीतरी लाखो डॉलर खर्चून कबूल केलं, की शांततेत काहीतरी हरवलं आहे. ते शोधायला त्यांना वुडवर्डवरच्या घडीच्या खुर्च्यांपर्यंत यावं लागलं.

सप्टेंबरात शेजारी इंजिन बसवायच्या बेतात होता. त्याआधी एक काम राहिलं होतं, आणि त्यासाठी त्यानं बाबांना मुद्दाम हाक मारली. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्यावरचा जुना रंग दोन वर्षांपूर्वी खरवडताना त्याला त्याखाली मेणाच्या खडूनं ओढलेली एक खूण सापडली होती. एक आकडा, त्याच्याभोवती अर्धवट गोल, आणि एक फरकाटा. कारखान्यात कुणा तपासनिसानं पाहिलं आणि ओढलं, एवढंच. शेजाऱ्यानं ती ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली होती, फोटो काढला होता, माप घेतलं होतं. आता नव्या नारिंगी पत्र्यावर ती पुन्हा त्याच जागी काढायची होती.

त्यानं काढली. फार सुबक आली. मागे सरकून पाहिलं, मान हलवली, चिंधीवर थिनर घेऊन पुसली. पुन्हा काढली. पुन्हा गोल पुरा आला, सुरेख आला. पुन्हा पुसली. त्याचा हात काळजीपूर्वक चालत होता, आणि ती खूण काळजीनं काढलेली नव्हती.

बाबांनी कागद हातात घेतला. जरा वेळ पाहिला. "हा चेकिंगवाला आहे," ते मला म्हणाले. "ब्रेक बघून झाले की आम्ही असाच खडू मारायचो. थांबायला वेळ कुठे, मागे सात गाड्या उभ्या असायच्या." मग त्यांनी शेजाऱ्याच्या हातातून खडू घेतला. चष्मा वर केला नाही, माप पाहिलं नाही. पत्र्यासमोर उभे राहिले, मान दुसरीकडेच होती, जणू पुढच्या गाडीकडे बघतायत, आणि एका झटक्यात आकडा, गोल, फरकाटा.

गोल अर्धाच राहिला होता.

शेजारी कितीतरी वेळ पत्र्यासमोर वाकून उभा होता. मग त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि इंजिन उचलायची यारी पुढे ओढली. इंजिन आत गेलं की ही खूण कुणालाच दिसणार नव्हती. टॉर्च घेऊन मान वाकडी करणारा एखादा परीक्षक सोडून. साखळी ताणली, इंजिन घोडीवरून वर आलं आणि हळूहळू गाडीकडे झुललं. बाबांनी माझी बाही ओढली.

"त्याला सांग, साखळी या अंगानं घेऊ नको म्हणावं. खूण पुसेल."